न्यू जर्सीची रसायन माहितीपत्रके : मोफत, पण थोडी कोरडी

न्यू जर्सी राज्याने 1983 मध्ये कामगार आणि परिसरातील नागरिक या दोघांनाही घातक रसायनांची माहिती मिळण्याचा हक्क कायद्याने दिला. त्याच कायद्यातून उभी राहिलेली, राज्याच्या आरोग्य विभागाची माहितीपत्रकांची सेवा मला आजही उपयुक्त वाटते. कोणतेही पत्रक मोफत उघडते, नोंदणी लागत नाही, आणि रसायनाच्या नावाने किंवा कॅस क्रमांकाने (प्रत्येक रसायनाला दिलेल्या ठरावीक ओळख-क्रमांकाने) शोध घेता येतो.

नमुन्यादाखल अमोनियाचे पत्रक (कॅस क्रमांक 7664-41-7) घ्यावे. शीतगृहात काम करणाऱ्याला त्यात श्वसनावरील परिणाम, प्रथमोपचार, संरक्षक साधने आणि गळती झाल्यास काय करावे, हे सलग वाचायला मिळते. शिवाय हवेतील प्रमाणाची ओशा या अमेरिकी कामगार-सुरक्षा नियामक संस्थेची कायदेशीर मर्यादा 50 पीपीएम (दहा लाख भागांत 50 भाग), तर नायॉश या सरकारी संशोधन संस्थेची शिफारस मात्र 25, हा फरकही लक्षात येतो, आणि माझ्या मते हीच या पत्रकांची खरी किंमत आहे, कारण कायद्यात बसते ते निर्धोक असतेच, हा समज तिथे गळून पडतो.

भाषा मात्र रुक्ष आहे. न्यू जर्सीतल्या एडिसन गावाच्या आसपास मराठी कुटुंबे पुष्कळ असली तरी वाचणाऱ्याला इंग्रजी चांगले यावे लागते. भारतात भोपाळनंतर, 1987 मध्ये, कारखाने अधिनियमात कलम 41-ब आले आणि माहिती देण्याचे बंधन कारखान्याच्या भोगवटादारावर, म्हणजे कारखान्याचा अंतिम ताबा असणाऱ्यावर, पडले. अशी सुबक, घरबसल्या वाचता येणारी पत्रके मराठीत असती तर मी ती आधी उघडली असती.