चुंबक चिकटलं नाही, म्हणून मी पैसे दिले

माझे नव्वद हजार रुपये गेले. दहा हजार टोकन म्हणून मोबाइलवरून दिले होते, ऐंशी हजार रोख. टायटॅनियमची म्हणून घेतलेली रोड बाइक, म्हणजे अरुंद टायरची वेगवान सायकल, अॅल्युमिनियमची निघाली. नागपुरात आता महागड्या जुन्या सायकली हातोहात विकल्या जातात आणि त्यात फसलेला माणूस लाजेपायी गप्प बसतो. मीही तीन महिने गप्प होतो. आता जे घडलं ते जसंच्या तसं लिहितो.

मी ५२ वर्षांचा आहे, सात वर्षांपासून रोड बाइक चालवतो. पहाटे पाचला लक्ष्मीनगरहून निघायचं, अंबाझरी, फुटाळा, सेमिनरी हिल्सचा चढ, मग काटोल रोडने जमेल तेवढं पुढे. रविवारी रामटेक, जाऊन-येऊन शंभर किलोमीटर. आपल्या शहरातले बरेच रस्ते आता सिमेंटचे आहेत. त्यांच्या प्रत्येक जोडावर अरुंद टायरच्या सायकलला हादरा बसतो आणि तो थेट मनगटात आणि मानेत जातो. चार वर्षांपूर्वी गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, त्यात प्लेट बसवावी लागली. तेव्हापासून हे हादरे मला जास्तच जाणवतात. टायटॅनियमची फ्रेम हादरे मऊ करते, असं अनेकांकडून ऐकलं होतं. खरं तर त्यात टायरची रुंदी आणि हवेचा दाबच जास्त काम करतो, पण तेव्हा माझ्या मनाने टायटॅनियमच धरलं होतं.

त्या धातूचं आकर्षण वाटावं असे गुण त्यात आहेतच. सायकलीसाठी बहुतेक वेळा ३ टक्के अॅल्युमिनियम आणि २.५ टक्के व्हॅनेडियम मिसळलेलं टायटॅनियम वापरतात. ते पोलादापेक्षा चाळीसेक टक्के हलकं असतं, घामाने-पावसाने गंजत नाही, त्यामुळे फ्रेम बिनरंगाची ठेवता येते. ओरखडा आला तर घासणीने हलक्या हाताने घासून काढता येतो. महाग असण्याचं कारण वेल्डिंग. तापलेलं टायटॅनियम हवेतला ऑक्सिजन शोषून ठिसूळ होतं, म्हणून जोड बाहेरून आणि नळीच्या आतूनही आर्गॉन वायूच्या आवरणात करावा लागतो. परदेशी कंपनीची नुसती नवी फ्रेमच दोन-अडीच लाखांच्या पुढे जाते. त्यामुळे एप्रिलमध्ये मोबाइलवर ‘टायटॅनियम रोड बाइक, अर्जंट विकणे, १,३५,०००’ अशी जाहिरात दिसली आणि मी लगेच फोन केला.

विकणारा तिशीचा, बोलायला अतिशय गोड. भाऊ कॅनडाला गेला, सायकल पडून आहे म्हणाला. ‘दोन जण पुण्याहून निघून राहिले काका, तुम्ही टोकन टाकून द्या, मी थांबवतो.’ सायकल न पाहता मी दहा हजार पाठवले. माझी पहिली चूक ती.

संध्याकाळी साडेसातला मनीषनगरच्या एका अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये त्याने सायकल दाखवली. वर एकच पिवळा बल्ब होता. फ्रेम राखाडी, मॅट, तिच्यावर एका नामांकित कंपनीचे स्टिकर. मी काही विचारायच्या आत त्यानेच खिशातून स्पीकरमधलं गोल चुंबक काढलं. शेजारच्या स्कूटरच्या स्टँडला लावलं, टक्कन चिकटलं. मग सायकलच्या आडव्या नळीला लावून सोडलं. ते घसरलं आणि त्याने खाली धरलेल्या तळहातात पडलं. ‘पाहा ना काका, लोखंड असतं तर चिकटलं असतं.’ मग हुकाच्या काट्याला सायकल टांगून दाखवली, ८.६ किलो. मग नळीवर नख फिरवून म्हणाला, ‘सहा वर्षांची आहे, कुठे गंज दिसून राहिला का?’

या तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. एकही खोटी नव्हती. चुंबक चिकटत नव्हतं, सायकल हलकी होती, तांबूस गंज कुठेच नव्हता. पण हे तिन्ही गुण अॅल्युमिनियमचेही आहेत. त्याने मला एवढंच सिद्ध करून दिलं होतं की फ्रेम पोलादाची नाही. अॅल्युमिनियमची आहे का, हा प्रश्न त्याने निघूच दिला नाही आणि माझ्याही डोक्यात आला नाही. काय तपासायचं ते विकणाऱ्याने ठरवलं आणि मी मान डोलावत राहिलो. भाव नव्वदवर तुटला. उरलेले ऐंशी हजार त्याने रोख मागितले, मी दिले. त्याचा सगळ्यात जास्त पस्तावा आहे.

मे महिना मी ती सायकल अभिमानाने चालवली. पहाटेही अंगाला धारा लागायच्या आणि घाम आडव्या नळीवर टपटपायचा. पावसाळा सुरू झाल्यावर एकदा पुसताना नळीच्या वरच्या अंगाला बोटाला काहीतरी खरखरीत लागलं. उजेडात नेऊन पाहिलं, तर घामोळ्याएवढे चार-पाच फोड. एकावर नख लावलं, वरचा पापुद्रा सुटून आला आणि आतून चुन्यासारखी पांढरी भुकटी निघाली. तोवर मला वाटत होतं ही धातूची मूळ छटा आहे. तो रंग होता.

सीताबर्डीच्या ओळखीच्या मिस्त्रींकडे सायकल नेली. त्यांनी भुकटी बोटावर घेतली आणि म्हणाले, ‘साहेब, हे अल्मिनियम खाऊन राहिलं. टायटॅनियम असं फुलत नाही.’ मग जोड दाखवले. टायटॅनियमचा चांगला वेल्ड बारीक आणि एकसारखा असतो, नाणी एकावर एक सरकवून ठेवावी तसा. माझ्या फ्रेमचे जोड जाड, फुगीर होते, दोन ठिकाणी घासून सपाट केले होते आणि त्यावर रंग मारला होता. नळ्याही टायटॅनियमच्या मानाने बऱ्याच जाड घेराच्या होत्या. हे सगळं पार्किंगमध्येही माझ्या डोळ्यांसमोरच होतं.

तरी मन मानेना. मिस्त्रींकडून सायकलचा सगळा साज उतरवून घेतला आणि नुसती फ्रेम घरी आणली. तिची घनता पाण्यात बुडवून मोजायची होती, पण आधी ही पद्धत बरोबर आहे का ते पाहायचं ठरवलं. हाडातून काढलेली प्लेट आणि तिचे स्क्रू डॉक्टरांनी मला डबीत घालून दिले होते, ते अस्सल टायटॅनियम. स्वयंपाकघरातल्या बारीक काट्यावर त्यांचं वजन २२.५ ग्रॅम भरलं. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणला आणि दोऱ्याने बांधलेली प्लेट तळाला टेकू न देता पाण्यात सोडली. काटा ५ ग्रॅमने वाढला, म्हणजे प्लेटने तेवढं पाणी बाजूला सारलं. २२.५ भागिले ५, म्हणजे ४.५. टायटॅनियमची घनता हीच.

मग फ्रेम. हुकाच्या काट्याला टांगून १.६२ किलो. अंगणातल्या सिमेंटच्या टाकीत ती पूर्ण बुडवली, हलवून, उलटी-सुलटी करून नळ्यांमधली हवा बुडबुड्यांवाटे बाहेर काढली. बायको काठावर काटा धरून उभी होती. पाण्यात वजन भरलं १.०३ किलो, म्हणजे घट ०.५९ किलोची, तेवढंच पाणी फ्रेमने बाजूला सारलं. भागाकार २.७५. अॅल्युमिनियमची घनता २.७ असते. टायटॅनियम असतं तर काट्याने पाण्यात सव्वा किलो दाखवलं असतं. बायको काहीच बोलली नाही, काटा माझ्या हातात देऊन आत गेली.

फ्रेमच्या तळाशी कोरलेल्या क्रमांकाचा फोटो स्टिकरवरच्या कंपनीला मेल केला. हा क्रमांक आमचा नाही, असं उत्तर आलं.

विकणाऱ्याने फोन उचलला, तोही चौथ्या दिवशी. म्हणाला, ‘काका, मी टायटॅनियम फिनिश लिहिलं होतं, मेसेज पाहा.’ पाहिलं. चॅटमध्ये खरंच सगळीकडे ‘टायटॅनियम फिनिश’ होतं. ‘टायटॅनियमची फ्रेम’ हे शब्द फक्त फोनवर आणि पार्किंगमध्ये, तोंडी. जाहिरात केव्हाच काढून टाकलेली, तिचा फोटो मी ठेवला नव्हता. पोलीस ठाण्यात तक्रार दिली. तिथल्या अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, पण रोख रकमेचा पुरावा काय, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. टोकनचे दहा हजार तेवढे बँकेच्या नोंदीत दिसतात.

अॅल्युमिनियमची सायकल वाईट असते असं मुळीच नाही. ती सायकल जशी आहे तशी सांगून तीस-पस्तीस हजारांना विकली असती तर कोणाची तक्रार नव्हती. पण ‘ही जन्मभर टिकते’ या भरवशावर मी फ्रेम कधी नीट तपासलीच नाही. पोलाद आणि टायटॅनियम यांना एका मर्यादेखालचा ताण कितीही वेळा पडला तरी सहसा चालतो. अॅल्युमिनियमला तशी मर्यादा नाही, लहान ताणाचीही थकावट साठत जाते. नव्या रंगाखाली झाकलेली, किती चाललेली ते ठाऊक नसलेली अॅल्युमिनियमची फ्रेम घेऊन मी सेमिनरी हिल्सच्या उतारावर पन्नासच्या वेगाने येत होतो, हे आता आठवलं की पोटात गोळा येतो.

कोणाला अशी सायकल घ्यायची असेल तर दिवसा उजेडात पाहा. सीटपोस्ट, म्हणजे सीटखालची दांडी, बाहेर काढून नळीचा आतला काठ पाहा, तिथे बहुधा रंग पोचलेला नसतो. क्रमांकाचा फोटो घेऊन पैसे देण्याआधी कंपनीला विचारा. ‘फ्रेम टायटॅनियम धातूची आहे, नसल्यास पूर्ण रक्कम परत’ एवढं विकणाऱ्याकडून लिहून घ्या आणि रक्कम बँकेतूनच द्या. जो लिहून द्यायला कां-कूं करेल त्याच्याकडून उठून या.

मागच्या आठवड्यात अमरावतीच्या एका सायकलवाल्या मित्राने एक फोटो पाठवला. निळसर राखाडी फ्रेम, आडव्या नळीपाशी धरलेलं गोल चुंबक, आणि खाली मित्राचा प्रश्न, ‘दादा, ८५ म्हणतो, घेऊ का?’ मी तिथल्या तिथे फोन लावला. त्याने सकाळीच पाच हजार टोकन पाठवलं होतं. खात्यावरचं नाव विचारलं, तर माझे दहा हजार ज्या नावावर गेले तेच. त्याने जाहिरातीचा आणि चॅटचा फोटो काढून ठेवला, दुसऱ्या दिवशी बसने नागपूरला आला, आणि आम्ही दोघं मिळून पोलीस ठाण्यात गेलो. त्याच्या फोटोतल्या जाहिरातीत ‘टायटॅनियमची फ्रेम’ असं स्पष्ट लिहिलेलं आहे.