कमरेचा पट्टा, सात महिने वापरून: सगळं ठीक, वेल्क्रो सोडून

तिसऱ्या महिन्यात लिहिलं ते आधी देतो. तेव्हा डोकं फिरलेलं होतं, तरी खोडत नाही.

एल४-एल५ ची, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी सरकलेली, डावी शीर दाबलेली. ज्यांना सायटिका (शीर दाबून पायात उतरणारी कळ) झालाय त्यांना एवढं पुरे. कळ कुल्ल्यातून निघायची आणि पोटरीच्या बाहेरच्या अंगाने थेट अंगठ्यात उतरायची. शिंक येतेय असं वाटलं की आधी भिंत धरायचो. पंधरा रात्री ओट्याला टेकून उभ्यानेच काढल्या. डॉक्टर म्हणाले, "प्रवासात पट्टा बांधा." मेडिकलमधून साडेनऊशेचा घेतला.

कापड चांगलं, पाठीमागच्या पट्ट्याही मजबूत. पण वेल्क्रो! सातव्या आठवड्यात त्याने दम सोडला. खुर्चीत बसलं की चर्र. बँकेच्या रांगेत जरा खोकलो तर चर्र, आणि पुढचे चार जण वळून माझ्या पॅंटकडे बघतात. बनियनचे धागे, बायकोच्या ओढणीचा काठ, केस, सगळं त्यात अडकतं. दर रविवारी टाचणी घेऊन तो कचरा उपसत बसायचं, तेही वाकता येत नसताना.

वॉरंटी सहा महिन्यांची. दुकानदाराने कंपनीचा नंबर दिला. कंपनीने बिलाचा फोटो मागितला, मग पट्ट्याचा, मग "उजेडात काढलेला" पट्ट्याचा. अकराव्या दिवशी उत्तर: वेल्क्रोची झीज वॉरंटीत बसत नाही. अहो, मग बसतं काय? वेल्क्रो काढला की हातात पोतं उरतं. एक तारा, तोही कापडाला.

आता सातवा महिना.

मधल्या काळात फिजिओ मॅडमकडे गेलो. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "दिवसातून किती वेळ बांधता?" मी अभिमानाने सांगितलं, झोपतानाही. साडेनऊशे वसूल नको व्हायला? त्यांनी कपाळाला हात लावला. पट्ट्याच्या भरवशावर राहिलं की पाठीपोटाचे स्नायू आळशी होतात म्हणे. घरी येऊन शोधलं, तर ब्रिटनमध्ये उपचारांच्या सूचना ठरवणाऱ्या नाइस संस्थेने २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत कंबरदुखी आणि सायटिकासाठी पट्टा देऊच नका असं लिहून ठेवलंय. म्हणजे वेल्क्रो निकामी झाला हे एका अर्थी बरंच झालं. (कंपनीला हे कळवलेलं नाही.)

खरा फरक पडला तो पालथं झोपून कोपरांवर उठण्याच्या व्यायामाने. दिवसातून चार-पाच वेळा, दहा-दहा. दुसऱ्या आठवड्यात कळ पोटरीतून निघून कमरेतच ठणकू लागली. मी घाबरलो, मॅडम खूश. दुखणं पायातून वर सरकणं हे चांगलं लक्षण, उलट खाली उतरायला लागलं तर व्यायाम थांबवून कळवा, म्हणाल्या. माझा पाय आधी वीतभर उचलला तरी ओरडायचो, आता बराच वर जातो. पण हे व्यायाम सगळ्यांना एकच नसतात, माझं बघून सुरू करू नका. शिरेच्या दुखण्यावरच्या प्रीगॅबालिन गोळीने ऑफिसात टेबलावर झोपलो, एवढंच त्या गोळीबद्दल. ती डॉक्टरांना विचारूनच हळूहळू कमी केली.

एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी बजावली होती: लघवी अडली किंवा संडासवरचा ताबा सुटला, बसायची जागा बधिर झाली, पाऊल उचलेनासं झालं, तर पट्टा-बिट्टा बाजूला ठेवून त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं.

आता मजा ऐका. एमआरआयला हजारो गेले, त्याबद्दल मी चकार शब्द काढला नाही, पण साडेनऊशेसाठी अकरा दिवस भांडलो. आणि शेवटी नाशिकच्या भद्रकालीत बॅगा शिवणाऱ्या एका काकांनी साठ रुपयांत नवा वेल्क्रो दुहेरी टिपेने शिवून दिला. चहा सांगितला तर म्हणाले, "बसू नका हो, उभ्यानेच प्या. कमरेचं आहे ना?"

पट्टा आता फक्त एसटीने जाताना तासभर बांधतो, बाकी दाराच्या खिळ्याला. तारे वाढवून दोन करतो. त्यातला एक काकांचा.