आवक-जावक नोंदवहीची जागा घेणारे सॉफ्टवेअर

गोव्यातील वेर्णा औद्योगिक वसाहतीत चाललेल्या एका गोदामाच्या बांधकामावर, कंत्राटदाराच्या बाजूने पत्रव्यवहार सांभाळण्यासाठी, गेले चौदा महिने आम्ही एक बांधकाम-व्यवस्थापन सॉफ्टवेअर वापरत आहोत. उणिवाही लिहायच्या असल्याने त्याचे नाव देत नाही. पूर्वी आमच्याकडे आवक-जावक नोंदवही, तिघांच्या तीन ईमेल पेट्या आणि एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. पायाच्या ड्रॉइंगची सुधारित प्रत सल्लागाराकडून नेमकी कधी आली, हे शोधण्यात एकदा अख्खी दुपार गेली आणि ती तारीख अखेर झेरॉक्सच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलेली सापडली.

आता प्रत्येक पत्राला आपोआप क्रमांक पडतो, उत्तर मूळ पत्रालाच जोडले जाते आणि एकदा पाठवलेले पत्र कोणालाही बदलता किंवा पुसता येत नाही. चूक झाली तर दुरुस्तीचे दुसरे पत्रच लिहावे लागते. सुरुवातीला हा जाच वाटला, पण बिलाच्या वादात दोन्ही पक्षांसमोर एकच मजकूर राहतो तो यामुळेच.

मुदतीच्या बाबतीत मात्र सावध राहावे. आमचा करार फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या १९९९ च्या रेड बुकवर, म्हणजे बांधकाम-कराराच्या नमुना अटींवर, बेतलेला आहे. त्याच्या २०.१ कलमानुसार, मुदतवाढ किंवा जादा रक्कम मागायची असेल तर, कारणीभूत घटना कंत्राटदाराला कळल्यापासून किंवा कळायला हवी होती तेव्हापासून २८ दिवसांत नोटीस द्यावी लागते, अन्यथा तो हक्क जातो. सॉफ्टवेअर मात्र हे दिवस नोंद केल्याच्या तारखेपासून मोजते. मालकाने ताब्यात द्यायचा जागेचा एक भाग ठरल्या दिवशी मिळाला नाही, तेव्हा आम्ही नोंद आठ दिवसांनी केली, आणि पडद्यावर आठ दिवस जास्तीचे शिल्लक दिसू लागले. घटनेची तारीख हाताने घालण्याची सोय आहे, पण ती सेटिंगमध्ये इतकी आत दडलेली आहे की ती सापडेपर्यंत आम्ही मुदत भिंतीवरच्या कालनिर्णयवरच लिहीत होतो.

दुसरी अडचण देवनागरीची. पंचायतीकडून मराठीत आलेले पत्र स्कॅन करून चढवले, तर त्यातील शब्द शोधात सापडत नाहीत. म्हणून विषयाची ओळ आम्ही हाताने टंकतो. पावसाळ्यात वीज गेली की साइटवरचे इंटरनेटही जाते, पण मोबाइल ॲपमध्ये लिहिलेला मसुदा टिकून राहतो, ही सोय खरोखर उपयोगी पडली.

शुल्क माणशी नसून प्रकल्पामागे असल्याने सल्लागाराच्या माणसांनाही लॉगिन देता आले. तरीही त्यांचे ज्येष्ठ अभियंते फोनच करतात, आणि मग ‘आज सकाळी फोनवर झालेल्या बोलण्यानुसार’ अशी सुरुवात असलेले पत्र आम्हालाच पाठवावे लागते. वर्गणी संपल्यावर लॉगिन बंद होते. त्यामुळे सगळी पत्रे जोडपत्रांसह पीडीएफमध्ये उतरवून घेण्याचे काम आम्ही दर महिन्याच्या बिलाबरोबरच उरकतो.