इन्सुलेशन मॉनिटर: वर्षभराच्या वापरानंतर (डिस्प्लेवाल्याला कोणीतरी रात्रपाळीला बसवा)

सर्व्हिसवाल्यांचं बिल हातात पडलं म्हणून एकदाचं लिहून टाकतो. आमची 400 व्होल्टची सिस्टीम, ट्रान्सफॉर्मरचा न्यूट्रल अर्थ केलेला नाही, पहिल्या अर्थ फॉल्टला (एखादी फेज अर्थला टेकली तर) ट्रिप नको म्हणून मुद्दाम तशी ठेवलीय, प्रोसेस मधेच थांबली तर सगळा माल वाया. आजवर पॅनलवरच्या तीन दिव्यांवर भागत होतं, प्रत्येक फेज आणि अर्थच्या मधे एक. फॉल्ट आला की त्या फेजचा दिवा विझतो आणि उरलेले दोन भगभगतात, कारण त्यांच्यावर 230 च्या जागी अख्खे 400 येतात. खर्च जवळपास शून्य.

मॉनिटर म्हणजे लाइन आणि अर्थमधला इन्सुलेशन रेझिस्टन्स सतत मोजणारा, तो फार उतरला की अलार्म देणारा डबा. तो आल्यावर आधी नुसता वैताग. अलार्म जाईचना, रीडिंग जेमतेम किलोओहमभर. सर्व्हिसचा माणूस म्हणाला ड्राइव्हचे (मोटरचा वेग बदलणाऱ्या युनिटचे) फिल्टर नडतायत, मग म्हणाला कार्ड गेलंय, आणि कोटेशन धाडून मोकळा. अरे बाबा, फिल्टरच्या कपॅसिटरमुळे रीडिंग स्थिरावायला वेळ लागतो, आकडा एवढा खाली येत नाही. शेवटी आमच्या वायरमनने जुन्या दिव्यांचे फ्यूज काढले आणि आकडा थेट चारशे किलोओहमच्या वर. दिव्यांचा स्टार पॉइंट, म्हणजे तिन्हींची एकत्र जोडलेली टोकं, अर्थला जोडलेला, म्हणजे सिस्टीम दिव्यांमधूनच अर्थ झालेली, आणि मॉनिटर लाइन आणि अर्थच्या मधे स्वतःचा सिग्नल सोडून रेझिस्टन्स मोजतो, तर तो दिवेच मोजत बसला होता. बसवायला आलेल्यांना एवढं माहीत नको? व्हिजिट चार्ज मात्र चोख लावला.

आता डिस्प्ले. थोडा वेळ बटण दाबलं नाही की बॅकलाइट बंद. सेटिंगमधे चालू ठेवायची सोयच नाही! दिवे लांबून, चालता चालता दिसायचे. आता पॅनलपाशी जा, ग्लोव्ह काढा, बटण दाबा, मग आकडा वाचा. त्यात म्यूटचं बटण अगदी शेजारी, अंधारात तेच दाबलं जातं. एवढ्या किमतीच्या वस्तूत एक एलईडी सतत जळाला तर कोणाचं काय जाणार होतं? यावरून दोन स्टार कापणारच होतो.

पण पावसाळ्यात आकडा रोज थोडा थोडा उतरायला लागला. चारशेवरून दोनशे, मग साठच्या आसपास. हीटर बँक बंद केली की परत वर. मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) मारला तर तिन्ही फेजचे हीटर सारखेच ओलावलेले, आतल्या मॅग्नेशियम ऑक्साइडने दमटपणा ओढलेला. इथे दिवे असते तर तिन्ही सारखेच जळत राहिले असते आणि आम्हीही निवांत राहिलो असतो. हीटर कमी व्होल्टेजवर तापवून वाळवले, नवीन घ्यावे लागले नाहीत, त्या एका गोष्टीत बरेच पैसे वाचले. त्यामुळे एकच स्टार कापतो.

अलार्म आला की फॉल्ट कुठल्या फीडरवर (पॅनलमधून निघणाऱ्या कुठल्या लाइनवर) ते मात्र हा सांगत नाही. त्यासाठी प्रत्येक फीडरवर सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर) आणि वेगळा लोकेटर, त्याचं कोटेशन बघून फाइल मिटली. सध्या एकेक फीडर बंद करून शोधतो, प्रॉडक्शनवाल्यांची बोलणी खाऊन. पण शोधतो. बजर म्यूट करून आठवडे काढणारेही बघितलेत, दुसऱ्या फेजला दुसरा फॉल्ट आला की अर्थमधून सरळ फेज टू फेज शॉर्ट, आणि जी ट्रिप टाळायला एवढा खटाटोप केला तीच होते.

पॅनलच्या मुख्य बसबारचे दोन भाग (बस सेक्शन) असतील आणि प्रत्येकावर एक मॉनिटर असेल तर ते जोडणारा स्विच, म्हणजे बस कपलर, लावताना एक आपोआप सिस्टीमपासून सुटेल असं इंटरलॉक घ्या, जोडलेल्या सिस्टीमवर दोन चालत नाहीत, एकमेकांनाच मोजतात. कपलरचा ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट (त्याच्यासोबत उघडझाप होणारा छोटा कॉन्टॅक्ट) पुरतो. आमच्याकडे याचंही वेगळं बिल लावायला निघाले होते, वायरमनने दुपारच्या सुट्टीत करून टाकलं.