ॲम्प्रोलियम २० टक्के पावडर : रक्ती हगवणीवरचे जुने औषध कितपत चालते?

तुसाच्या गादीवर ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठीच्या कोंबड्या, वाढवणाऱ्यांना पावसाळ्यात रक्ती हगवणीची धास्ती असते, विशेषतः पक्षी तीन ते पाच आठवड्यांचे असताना. आयमेरिया या एकपेशीय परजीवीच्या अनेक जातींपैकी टेनेला ही जात सीकममध्ये, म्हणजे आतड्याच्या शेवटाकडील दोन पिशव्यांत, रक्तस्राव घडवते आणि ॲम्प्रोलियमचा चांगला प्रभाव तिच्यावर दिसतो. आमच्या शेडमध्ये औषध सुरू केल्यावर विष्ठेतले रक्त थांबले आणि पंख पाडून बसलेले पक्षी पुन्हा खाद्याकडे वळले. जे आधीच पांढरेफटक पडले होते ते मात्र वाचले नाहीत.

आजारी पक्षी खाणे सोडतो पण पाणी पीत राहतो, म्हणून हे औषध पाण्यातून देता येते हा त्याचा मोठा गुण आहे. तीव्र लागण असेल तर लिटरला १.२ ग्रॅम पावडर आणि सौम्य असेल तर त्याच्या निम्मी, असे प्रमाण साधारणपणे ठरते. पावडर लगेच विरघळते आणि पाणी पिण्याच्या निपलमध्ये साका बसत नाही. द्रावण मात्र रोज ताजे करावे लागते.

तक्रार पाकिटाविषयी आहे. ॲम्प्रोलियमची रचना थायमिनसारखी, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वासारखी असते. परजीवीला थायमिन मिळू न देणे हेच त्याचे काम. तरीही पक्षी अशक्त झाले म्हणून त्याच पाण्यात बी-कॉम्प्लेक्स घालणारे पोल्ट्रीवाले पुष्कळ आहेत, आणि त्याने औषधाची धार बोथट होते. आम्ही घेतलेल्या पाकिटावर याविषयी एक ओळही नव्हती, मराठी मजकूर तर दूरच.

मधल्या आतड्यातील मॅक्झिमा जातीवर याचा असर कमी पडतो. तिथे टोल्ट्राझुरिल हे दुसरे औषध अधिक भरवशाचे असून त्याचा उपचार दोन दिवसांत आटोपतो. म्हणून आधी मेलेल्या पक्ष्याचे शवविच्छेदन करून घेणे बरे, कारण क्लॉस्ट्रिडियम जिवाणूमुळे होणारा आतड्याचा दाहही वरून पुष्कळसा असाच दिसतो.

ओलसर, उबदार गादीत परजीवीची अंडपुटी, म्हणजे विष्ठेतून बाहेर पडणारी अंड्यासारखी अवस्था, एक-दोन दिवसांत संसर्गक्षम होते आणि नेहमीची जंतुनाशके तिला मारत नाहीत. त्यामुळे ड्रिंकरखालचे भिजलेले तूस उचलले नाही, तर औषधाचा कोर्स संपताच हगवण पुन्हा डोके वर काढते. तो दोष पावडरीच्या माथी मारणे योग्य नाही. टेनेलाचे निदान पक्के असेल तर मी हेच औषध पुन्हा घेईन, मात्र पाकिटात मापाचा चमचा नसल्याने सोबत छोटा वजनकाटा ठेवावा लागेल.