न वाकलेला कॅमशाफ्ट सरळ करण्याचे ८,५०० रुपये

जुन्या गाडीचे इंजिन उघडले की काम वाढतेच, हे पुण्यात पद्मिनी बाळगणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही, आणि वाढीव कामाच्या नावाखाली पैसे कसे उकळले जातात हेही सर्वांना ठाऊक आहे. माझा संताप त्याबद्दल नाही. माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच हातात बॅटरी धरायला देऊन, मोजमापाचे नाटक करून मला लुटण्यात आले, त्याबद्दल आहे.

कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा. तो व्ही-ब्लॉकवर, म्हणजे खाच असलेल्या आधारांवर, ठेवून कारखान्यातल्या मेस्त्रींनी डायल गेज (बारीक फरक काट्याने दाखवणारे मोजमापाचे साधन) लावला आणि शाफ्ट हाताने फिरवला. काटा तीस घरे हलला, म्हणजे ०.३० मिलिमीटर. "साहेब, शाफ्ट वाकलाय. असाच बसवला तर बुश खाऊन टाकेल," असे ते म्हणाले आणि मी मान डोलावली. बुश म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती धातूची कडी. गेजची पिन त्या वेळी मधल्या जर्नलवर, म्हणजे शाफ्टच्या बुशात फिरणाऱ्या गुळगुळीत भागावर, नव्हती. ती दोन लोबांमधल्या (झडपा ढकलणाऱ्या उंचवट्यांमधल्या) खडबडीत भागावर टेकवलेली होती आणि मला ती स्पष्ट दिसत होती. त्या भागाला ग्राइंडिंग केलेले नसते, त्यामुळे तेथे नवाकोरा शाफ्टही काटा हलवून दाखवील. पण मी पेशाने हिशेबनीस आहे. समोर काटा हलत असताना पिन कोठे टेकली आहे हे कोणता गिऱ्हाईक पाहतो? शिवाय हा कारखाना मला गाडीच्या क्षेत्रातल्या जाणत्या माणसांनीच सुचवला होता.

त्यानंतर हिशेब असा झाला: शाफ्ट सरळ करणे ८,५०० रुपये, नवे बुश ३,६००, त्यांचे लाइन बोअरिंग (सगळे बुश एका रेषेत कातणे) १२,०००, डिग्री व्हील (अंशांची चकती) लावून टायमिंग, म्हणजे झडपा उघडण्याची वेळ जुळवणे, ४,५००; एकूण २८,६००. त्यांपैकी २०,००० रोख घेतले, उरलेले यूपीआयने. बिल कच्चे होते. पक्के बिल मागितल्यावर "मग जीएसटी लागेल" असे उत्तर मिळाले. असे उत्तर मिळाले की तेथेच गाडी ओढून न्यावी. सोबत छापील अहवाल मिळाला. त्यात वाक ०.३० आणि दुरुस्तीनंतर ०.०० असे लिहिले होते. काटा एका फेरीत जेवढा हलतो त्याच्या निम्मा खरा वाक असतो, आणि हाताने फिरवलेल्या शाफ्टवर नेमके ०.०० येणे म्हणजे कोणी मोजलेच नाही असा अर्थ होतो. त्यावर कडी म्हणजे अहवालात 'कॅम बेअरिंग कॅपचा टॉर्क', म्हणजे शाफ्टवरची झाकणे किती जोराने आवळली याचा आकडा, असाही एक रकाना भरलेला होता. पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनात कॅमशाफ्ट ब्लॉकच्या आत, बुशांमध्ये फिरतो. त्याला कॅप नसतातच. दुसऱ्याच कोणत्या तरी गाडीचा कागद माझ्या हातात ठेवला होता.

गाडी घरी आली ती टॅपेटच्या (झडपा हलवणाऱ्या भागांच्या) खडखडाटासह, आणि कात्रजच्या चढावर तिचा दम सुटू लागला. भोसरीच्या एका मशीन शॉपमध्ये इंजिन पुन्हा उघडले. जर्नलवर पिन ठेवून मोजले तर काटा दोनच घरे हलला. शाफ्ट वाकलेला नव्हताच आणि त्याला कोणी हातही लावलेला नव्हता. टायमिंग चेन एक दात मागे बसवलेली होती. मधल्या बुशावर तिरकी रेघ होती, आणि इंजिन प्रथम उघडले तेव्हा मी काढलेल्या छायाचित्रात तीच रेघ त्याच जागी आहे, म्हणजे तो बुशही जुनाच होता. छायाचित्रे प्रत्येक टप्प्यावर काढाच, मेस्त्री कितीही वैतागले तरी. या दुरुस्तीचे ६,२०० रुपये वेगळे गेले, म्हणजे एकूण ३४,८००.

आता पोलिसांचे. ज्या चौकीत गेलो तेथील अंमलदारांनी पहिला प्रश्न विचारला, "गाडी चालते ना?" चालते म्हटल्यावर हे प्रकरण दिवाणी ठरले. कारखान्याच्या हद्दीतील चौकीने मला राहत्या हद्दीत जायला सांगितले आणि राहत्या हद्दीतील चौकीने परत कारखान्याच्या. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ आहे असे मी म्हणालो, तेव्हा "तुम्ही वकील आहात का?" असे विचारण्यात आले. डायल गेज म्हणजे काय हे समजावून सांगत असताना एका साहेबांनी मोबाइल उचलला आणि ते बाहेर निघून गेले. अर्जाच्या प्रतीवर पोचचा शिक्का मिळवण्यासाठीसुद्धा आवाज चढवावा लागला. एवढ्या जुन्या गाडीवर पैसे घालायचेच कशाला, हा सल्ला मात्र प्रत्येक टेबलावर फुकट मिळाला.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, म्हणून मी आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार आहे. अडचण आहे ती तज्ज्ञाच्या लेखी मताची. सगळे तोंडी शिव्या घालतात, पण आपल्याच धंद्यातल्या माणसाविरुद्ध सही करायला कोणी तयार होत नाही. भोसरीच्या दुकानाने मोजमाप लिहून दिले, तेही मत न देता, फक्त आकडे. तुमचे काम चालू असेल तर निघालेले जुने बुश पिशवीत घालून घरी आणा, आणि काटा हलताना पिन कोठे टेकली आहे त्याचा व्हिडिओ घ्या. मशीन शॉपवाल्याची सही नंतर मिळत नाही.