चौथ्या धड्याचं कुलूप: प्रौढांच्या इंग्रजी संचाचा वापरानंतरचा अनुभव

तीस धड्यांचं पुस्तक, क्रियापदांच्या पत्त्यांचा डबा आणि टॅबलेटवरचं ॲप असा एकत्र विकला जाणारा संच. संध्याकाळचे वर्ग चालवणाऱ्यांनी तो पाहिलेला असतो, म्हणून छपाई, कागद, ऑडिओ यांवर शब्द घालवत नाही. ते सगळं ठीक आहे. ॲपच्या नूतनीकरणाचा मेसेज आला, माणशी नऊशे रुपये, आणि त्याच आठवड्यात लातूरच्या आमच्या वर्गातले निम्मे लोक चौथ्या धड्यावर अडकलेले होते. म्हणून हा प्रपंच.

ॲपमध्ये एका धड्याच्या चाचणीत ऐंशी टक्के मिळाल्याशिवाय पुढचा धडा उघडत नाही. क्रम असा: उच्चार, मग अ-ॲन-द, मग ॲम-इज-आर, चौथा साधा वर्तमानकाळ, पाचवा डू-डज. भूतकाळ थेट बाराव्या धड्यात आणि 'कॅन' एकोणिसाव्यात. म्हणजे आडतीवरच्या मुनिमाला 'काल माल आला' एवढं बोलायला अकरा धडे थांबायचं, आणि 'उद्या देऊ शकता का' विचारायला अठरा.

चौथ्या धड्याची गोम म्हणजे ही-शी-इटला लागणारा 'एस'. शाळेत इंग्रजी शिकलेल्या कुणालाही हा नियम विचारा, झोपेतही सांगेल. आपल्याकडे पहिलीपासून इंग्रजी 2000 साली आलं. त्याआधीचे लोक पाचवीपासून शिकले, पण हा नियम त्यांनाही पाठ आहे. रिकाम्या जागा भरायला दिल्या की बरोबर भरतात. तोंड उघडलं की 'माय ब्रदर वर्क इन पुणे'. कारण साधं आहे. तो 'एस' गाळला तरी समोरच्याला सगळं समजतं. अर्थ अडत नाही, म्हणून जिभेला तो सांभाळण्याची निकड वाटत नाही. मराठीत जातो, जाते, जातोस, जातात असं प्रत्येक ठिकाणी रूप बदलतं. इंग्रजीत सगळीकडे एकच रूप आणि मधूनच एक अपवाद, तो निसटतोच.

ही लातूरकरांचीच अडचण आहे असंही नाही. 1974 साली बेली, मॅडन आणि क्रॅशन यांनी वेगवेगळ्या मातृभाषांच्या प्रौढांचं बोलणं तपासलं, तेव्हा क्रियापदाचं 'इंग' वरच्या क्रमांकावर आणि हा 'एस' तळाशी निघाला. जे सगळ्यात शेवटी जिभेवर बसतं, तेच चौथ्या पायरीवर कुलूप म्हणून लावायचं, यामागचं डोकं कुणाचं, ते कळायला मार्ग नाही. बरं, कुलूप तरी खरं काही मोजतं का? चाचणी पर्याय निवडायची आहे. दोनदा दिली की उत्तरं पाठ होतात, ऐंशी टक्के मिळतात, बोलणं जिथल्या तिथं. पुरवठादाराच्या मदत क्रमांकावर विचारलं तर 'क्रम तज्ज्ञांनी ठरवलाय, बदलता येणार नाही'. दुसऱ्यांदा फोन केला तेव्हा टॅबलेट बंद करून चालू करायला सांगितलं.

प्रौढांच्या वर्गात हजेरी सलग नसते, हे या तज्ज्ञांच्या गावीही नाही. जूनमध्ये पेरणी, ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी, मे महिन्यात लग्नं. पंधरा दिवस गायब झालेला माणूस परत येतो तेव्हा वर्ग आठव्यावर आणि त्याचा टॅबलेट चौथ्यावर. धडा असा हवा की मधूनच आलेल्यालाही त्या दिवशीचं वाक्य बोलता यावं.

क्रमाची दुसरी चूक जास्त महागात पडते. ॲम-इज-आरला लागूनच साधा वर्तमानकाळ ठेवला की 'आय ॲम गो', 'ही इज वर्क्स' सुरू होतं. तीन-चार तास 'इज, इज' घोकलेलं असतं, ते क्रियापदाआधी आपोआप चिकटतं. त्यात 'मला माहीत आहे' मधला आहे, मग 'आय ॲम नो'. या दोघांत अंतर लागतंच. पुस्तकातलं 'मी जात आहे' हे उदाहरण इथं फारसं कामाला येत नाही, कारण असं कुणी बोलतच नाही. आपल्या मराठवाड्यात 'पाऊस यायलाय' (येतोय), 'मी जेवायलोय' (जेवतोय) म्हणतात. रोज जातो आणि आत्ता जायलोय हा फरक तोंडात आधीपासूनच आहे. यायलाय, जेवायलोय म्हटलं की 'इंग', येतो-जेवतो म्हटलं की साधा, एवढं सांगितलं तरी पुरतं. पुस्तकातलं दोन पानी स्पष्टीकरण वाचायला लावू नका.

शेवटी ॲप बाजूला ठेवून पुस्तकाचे धडे फाडून नव्या क्रमानं लावले. (फाडायचं नसेल तर गंजगोलाईच्या बाजारात झेरॉक्स काढा, पण फक्त सरावाची पानं, सगळं पुस्तक छापून घेतलं तर ते विकत घेण्यापेक्षा महाग पडतं.) आधी ॲम-इज-आर, पण नाव, काम आणि ठिकाण यांपुरतंच. मग 'आहे'ची फोड: दुकानात साखर आहे, मला दोन भाऊ आहेत, माझ्याकडे सुट्टे आहेत. पहिल्याला देअर इज, उरलेल्या दोन्हींना हॅव. पुस्तकात हा धडाच नाही, वहीत करून घ्यावा लागतो. आणि 'माय निअर मनी इज' बंद व्हायला यासारखा उपाय नाही. मग आज्ञार्थ आणि 'कॅन'. कॅनला ना एस, ना डू. प्रश्न विचारायला नुसती जागा बदलायची. सहायक क्रियापद पुढं येतं, ही इंग्रजी प्रश्नाची मुख्य खोड इथं फुकटात शिकून होते. आपल्याकडे शेवटी 'का' लावला की झालं, त्यामुळे ही सवय मुद्दाम लावावी लागते.

त्यानंतर 'इंग', आणि लगेच भूतकाळ. वेन्ट, केम, बॉट, सॉ, गेव्ह, टुक अशी वीसेक अनियमित रूपं आधी, 'ईडी'वाली नंतर. मग 'डिड'. हा माझ्या मते सगळ्यात मोठा फायदा: डिड सर्वांना एकच. आय, ही, दे, कुणीही असो, 'डिड यू पे?', 'ही डिडन्ट कम'. एसचं ओझं न घेता डू-पद्धतीचा प्रश्न आणि नकार बसतो. डू आणि डज त्याच्यामागून आले की नवीन फक्त डज उरतं, आणि एस शेवटच्या महिन्यात, तोही फार डोळे न वटारता.

यात एक गोष्ट हमखास बिघडते: 'डिड यू वेन्ट?'. इथं त्या पत्त्यांनी कमाल केली. सुरुवातीला डबा बघून वाटलं होतं, बालवाडीचा माल आहे, दोनशे वीस रुपये पाण्यात. पण पत्त्याच्या एका बाजूला गो, दुसऱ्या बाजूला वेन्ट. वाक्य बोलताना वेन्टची बाजू दाखवायची; प्रश्न विचारताना डिडचा पत्ता पुढं ठेवला की क्रियापदाचा पत्ता उलटून गो करायचा. हात उलटतो म्हणून जीभही उलटते. नियम न सांगता चार-पाच तासांत चूक निम्म्यावर येते. संचातली सगळ्यात स्वस्त वस्तूच सगळ्यात कामाची निघाली.

दुसरा धडा, अ-ॲन-द या आर्टिकलचा, पुढं ढकला. मराठीत आर्टिकल नाही, आणि ज्यांच्या भाषेत ते नसतं त्यांना उशिरा जमतं, हे अभ्यासांतही दिसलं आहे. 'आय ॲम अ नर्स' एवढं तोंडपाठ करून घ्या. गोदावरीच्या आधी द लावायचा का, हे कळलं नाही म्हणून कुणाचं गिऱ्हाईक परत जात नाही.

मात्र हा क्रमही दगडावरची रेघ नाही. वेरूळ-अजिंठ्याला गाइड होऊ पाहणाऱ्याला 'वॉज कार्व्ह्ड', 'वेअर पेंटेड' भूतकाळाच्या पाठोपाठच लागतं. संचात ते सव्विसाव्या धड्यात आहे. वाळूजच्या कारखान्यात देखभालीचं काम करणाऱ्याला 'द बेअरिंग इज वोर्न आउट' पहिल्याच महिन्यात हवं. लातूर पॅटर्नच्या गावात मात्र मोठी माणसंही विचारतात, 'सर, बारा काळांचा तक्ता कधी?' तो भिंतीवर लावून टाका. समाधान होतं, त्रास काही नाही.

इथवर लिहून झालं आणि ॲपची नवी आवृत्ती आली. शिक्षकाच्या खात्यात आता 'धडा उघडा' असं बटण दिसतं. म्हणजे कुलूप निघालं, आणि वरचा राग थोडा खाली आणायला हवा. पण ते प्रत्येक शिकणाऱ्यासाठी, प्रत्येक धड्याला वेगळं दाबावं लागतं. पूर्ण वर्गाचा क्रम एकदाच लावून ठेवायची सोय नाही. लोडशेडिंगमध्ये नेट गेलं की उघडलेला धडा पुन्हा बंद दिसतो. आणि अंतिम प्रमाणपत्राच्या चाचणीत एसचे प्रश्न आहेत तेवढेच आहेत, तोंडी एकही नाही.

तेव्हा नऊशे रुपयांचं नूतनीकरण करत नाही. नवीन वर्गाला पुस्तक एकाच प्रतीत, पत्त्यांचे डबे दोन. पत्ते विकत घेताना एक बघा: लॅमिनेशनचे कोपरे सुटतात, आल्याबरोबर पारदर्शक टेप लावा. शिवाय पुट, कट, रीड यांचे पत्ते डब्यात नाहीत, बहुधा दोन्ही बाजूंना एकच स्पेलिंग येतं म्हणून. कोऱ्या पुठ्ठ्यावर स्केचपेननं करून घ्या, आणि रीडच्या मागच्या बाजूला देवनागरीत 'रेड' लिहा.